डेल्फ्टचा कापडव्यापारी : आंतोनी व्हान लेव्हेनहूक

डेल्फ्ट हे हॉलंडमधील एक टुमदार गाव. गावातून कालवे वाहतात, कालव्यांवर लहान लहान पूल आहेत, आणि निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या भांड्यांसाठी ते जगभर ओळखले जाते. १६३२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने, या गावात दोन मुलांचे बाप्तिस्मे झाले. त्यांतला एक पुढे चित्रकार झाला. योहानेस व्हर्मेर हे त्याचे नाव, आणि कलेच्या इतिहासाशी थोडाफार परिचय असणाऱ्याला ते नवे नाही. दुसरा मुलगा टोपल्या विणणाऱ्या कारागिराचा, आपल्या भाषेत सांगायचे तर बुरुडाचा. तो कापडाचा दुकानदार झाला. या दुकानदाराची ही कथा.

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात अशा माणसाचे चरित्र कशाला, असे कुणी विचारील. मी लेखाचा विषय सांगितला तेव्हा एका मैत्रिणीने वेगळीच शंका काढली. पुरुषाचे वीर्य, स्त्रीचे बीज असले शब्द घरोघरी जाणाऱ्या अंकात शोभतील का, असा तिचा प्रश्न होता. तिचे म्हणणे मी हसून टाळू शकलो नाही, कारण हाच संकोच खुद्द लेव्हेनहूकलाही पडला होता. जीव कसा निर्माण होतो, त्यात आईचा वाटा किती आणि बापाचा किती, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. घराघरांत त्याची काही ना काही उत्तरे गृहीत धरलेली असतात आणि त्यांचे बरेवाईट परिणाम माणसे भोगत असतात. असो.

आंतोनीचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा, म्हणजे शिवाजी महाराजांहून तो दोन वर्षांनी लहान. पाच-सहा वर्षांचा असतानाच वडील वारले. आईने दुसरे लग्न केले, मुलगा काही वर्षे बाहेरगावच्या शाळेत शिकला, मग एका काकाकडे राहिला. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. तेथे हिशेब, मालाची पारख आणि गिऱ्हाइकाशी बोलणे तो शिकला. १६५४ साली डेल्फ्टला परतून त्याने लग्न केले आणि स्वतःचे दुकान थाटले. कापड, बटणे, फिती असा सगळा माल तेथे असे. पत्नी बार्बरा हिला पाच मुले झाली. त्यांतली मरिया नावाची एकच मुलगी जगली. बार्बराही १६६६ साली गेली. त्याने पुढे कोर्नेलिया नावाच्या बाईशी दुसरे लग्न केले.

दुकानाबरोबर त्याने गावच्या कचेरीतली लहानमोठी कामेही पत्करली होती. १६६० पासून तो नगरसभेच्या दालनाचा व्यवस्थापक होता, म्हणजे दालन उघडणे, झाडून घेणे, शेकोटी पेटवणे यांवर त्याची देखरेख असे. १६६९ मध्ये तो मोजणीदाराची परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे मद्याची पिंपे मापण्याचे कामही त्याच्याकडे आले. व्हर्मेर कर्जबाजारी होऊन वारला तेव्हा १६७६ साली त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी नेमला गेला तो हाच लेव्हेनहूक. अशा माणसाला आपण काय म्हणू? गावातला एक खटपट्या, विश्वासू, हिशेबी गृहस्थ. शास्त्रज्ञ तर नक्कीच म्हणणार नाही.

कापडाच्या धंद्यात ताण्याबाण्याचे धागे मोजायला भिंग लागते. लेव्हेनहूकच्या हाताला भिंगाची सवय तेथेच लागली असावी. पण नुसत्या धाग्यांवर त्याचे समाधान झाले नाही. तो स्वतः भिंगे करू लागला. आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक म्हटले की लांब नळीचे, दोन्ही टोकांना काच असलेले यंत्र येते. लेव्हेनहूकचे यंत्र मुळीच तसे नव्हते. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये मोहरीएवढे एकच भिंग, आणि मागच्या बाजूला पाहावयाची वस्तू टोचून ठेवण्यासाठी एक टोक व ते पुढेमागे करण्यासाठी स्क्रू. सगळे मिळून तळहातावर मावेल एवढे. ते डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे धरावे लागे. अशी भिंगे त्याने पाचशेहून अधिक केली. उत्तम भिंगे कशी करतो हे त्याने कुणाला सांगितले नाही आणि सर्वांत चांगली भिंगे पाहुण्यांना दाखवलीही नाहीत. दुकानदाराने धंद्यातले गुपित जपावे तसे त्याने ते जपले. २०२१ साली हॉलंडमधील संशोधकांनी त्याच्या सर्वांत शक्तिशाली उरलेल्या यंत्रात न्यूट्रॉनचे किरण सोडून, यंत्र न उघडता, आतले भिंग पाहिले. काचेचा तंतू वितळवून केलेला तो लहानसा मणी निघाला. ही कृती इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६६५ च्या आपल्या ग्रंथात छापलेलीच होती! साडेतीनशे वर्षे जपलेले गुपित पुस्तकातलेच निघाले. मात्र त्या मण्यातून जे लेव्हेनहूकला दिसले ते हूकला दिसले नव्हते, हेही खरे.

आता या कथेत दुसरा माणूस येतो. त्याच्याशिवाय लेव्हेनहूकचे नाव डेल्फ्टच्या वेशीबाहेर गेले नसते. रेनियर द ग्राफ हा गावातला तरुण वैद्य, लेव्हेनहूकहून नऊ वर्षांनी लहान, लॅटिन जाणणारा, विद्वानांत नाव असलेला. १६७२ साली त्याने स्त्रीच्या जननेंद्रियांवर एक ग्रंथ लिहिला. पक्ष्यांप्रमाणे सस्तन प्राण्यांच्या मादीच्या पोटातही अंडी असतात आणि जीव अंड्यातून उत्पन्न होतो, असे त्याचे म्हणणे होते. सशाच्या माद्या संगानंतर ठराविक अंतराने उघडून त्याने हे पडताळून पाहिले होते. अंडाशयावर दिसणाऱ्या पाण्याने भरलेल्या फुग्यांना तो अंडी समजला. ते फुगे म्हणजे अंडी नव्हेत, अंड्याभोवतीची वेष्टने आहेत. आजही वैद्यकात त्यांना ग्राफचीच पुटके म्हणतात. चूक होती, पण खऱ्याच्या अगदी दारात उभी असलेली चूक होती.

एप्रिल १६७३ मध्ये ग्राफने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. आमच्या गावात एक हुशार माणूस आहे, त्याची भिंगे आजवर पाहिलेल्या सर्व भिंगांहून सरस आहेत, अशा आशयाची त्याने ओळख करून दिली आणि लेव्हेनहूकची काही निरीक्षणे सोबत जोडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्राफ वारला. वय अवघे बत्तीस. ओळख करून देणारा गेला, ओळख राहिली. ती पुढे पन्नास वर्षे टिकली. लेव्हेनहूकने रॉयल सोसायटीला सुमारे १९० पत्रे पाठवली.

ही सगळी पत्रे त्याने आपल्या मातृभाषेत लिहिली. त्याला लॅटिन येत नव्हते, इंग्रजीही येत नव्हते. त्या काळी युरोपात ज्ञानाची भाषा लॅटिन होती. ती ज्याला येत नाही तो विद्वान नव्हे, असा सरळ हिशेब होता. लेव्हेनहूकने त्याबद्दल लाज बाळगली नाही. बाजारात बोलावे तशा डच भाषेत, दिसले तसे, तो लिहीत गेला, आणि भाषांतराची काळजी लंडनकरांनी वाहिली. आम्हा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट वाचून थोडा धीर येतो, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

१६७४ साली, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, त्याने गावाजवळच्या तळ्याचे पाणी भिंगाखाली धरले आणि त्यात हलणारे, फिरणारे सूक्ष्म जीव पाहिले. १६७६ मध्ये त्याने मिऱ्याच्या पाण्यात त्याहूनही बारीक जंतू पाहिले. मिरे तिखट का, हे भिंगातून कळेल अशी त्याची भोळी कल्पना होती. म्हणून त्याने मिरे पाण्यात भिजत घातले होते. मिरे त्या काळी पूर्वेकडूनच युरोपात जात. डच म्हणजे आपल्या बखरीतले वलंदेज. त्या वेळी वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार होती. लंडनमध्ये प्रथम कुणाचा विश्वास बसेना. १६७७ च्या नोव्हेंबरात हूकने स्वतः मिऱ्याच्या पाण्यात ते जंतू पाहिले व इतरांनाही दाखवले, तेव्हा कापडवाल्याची साक्ष खरी ठरली.

त्याच सुमारास योहान हाम नावाचा लायडनचा एक वैद्यकीचा विद्यार्थी त्याच्याकडे काचेच्या कुपीत काही घेऊन आला. परमा झालेल्या एका रोग्याचे ते वीर्य होते. हामला त्यात शेपटीवाले जिवंत प्राणी दिसले होते. रोगामुळे वीर्य नासले आणि नासल्यामुळे त्यात हे प्राणी पडले, असे त्याला वाटत होते. लेव्हेनहूकने ते पाहिले आणि लगेच त्याच्या मनात आले की रोग असल्यावाचून हे दिसतात की नाही, हेही पाहिले पाहिजे. खरे म्हणजे काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या चिटणिसाने त्याला वीर्य तपासून पाहा असे सुचवले होते, पण तेव्हा किळस वाटून त्याने ते काम सोडून दिले होते. आता त्याने निरोगी माणसाचे, म्हणजे स्वतःचेच, वीर्य पाहिले. नाडीचे सहा ठोके पडण्याच्या आत ते भिंगाखाली धरले होते, असे त्याने नमूद केले आहे. वाळूच्या कणाएवढ्या जागेत हजाराहून अधिक प्राणी, पुढचे टोक गोलसर, मागे लांब निमुळते शेपूट, आणि पाण्यात सापाने किंवा वामासारख्या माशाने जावे तसे वळवळत पुढे जाणे. मानवी शुक्रजंतूचे हे पहिले वर्णन.

पत्र लिहिताना मात्र दुकानदाराचा हात थबकला. त्याने ते सोसायटीच्या अध्यक्षांना लिहिले, या वेळी आधी लॅटिनमध्ये भाषांतर करवून घेतले, म्हणजे वाचणारे सगळे विद्वानच असतील. आपण कोणतेही पापकर्म केलेले नाही, जे पाहिले ते विवाहित जीवनात सहज उरलेले होते, असा खुलासा त्याने केला. हे वाचून विद्वानांना घृणा वाटणार असेल तर पत्र छापू नये, हवे तर नष्ट करावे, हा निर्णयही त्याने त्यांच्यावर सोपवला. सोसायटीने ते छापले. उत्तर मात्र सावध आले. ग्राफच्या ग्रंथाचा आधार देऊन चिटणिसाने कळवले की जीव अंड्यात असतो, वीर्य केवळ त्याला चेतना देते. तेव्हा कुत्रा, घोडा अशा इतर प्राण्यांतही हे जंतू दिसतात का ते पाहावे.

लेव्हेनहूकला एवढे निमित्त पुरले. कुत्रा, ससा, कोंबडा, बेडूक, मासे, पुढे कीटक, जे हाती येईल त्याचे वीर्य तो पाहत सुटला, आणि सगळीकडे त्याला तेच शेपटीवाले प्राणी दिसले. कोकणात माशाच्या मादीची गाबोळी आवडीने खातात. नराच्या पोटातल्या तशाच पांढऱ्या पिंडाकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. लेव्हेनहूकने कॉड माशाचा तो पिंड घेतला आणि हिशेब केला. त्यातील जंतूंची संख्या आली १५० अब्ज. मग त्याने हॉलंडची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ धरून सगळ्या पृथ्वीवर किती माणसे असू शकतील याचे गणित मांडले. ते आले १३ अब्ज ३८ कोटी ५० लाख. म्हणजे एका माशाच्या पोटात साऱ्या मनुष्यजातीच्या अकरापट जीव! माणसांचा आकडा त्याने फारच मोठा धरला होता (आपण ८ अब्जांवर पोहोचलो ते २०२२ मध्ये), पण मोजण्याची ही हौस पाहून त्याच्या दुकानातल्या हिशेबवहीची आठवण होते.

येथपर्यंत लेव्हेनहूक फक्त पाहत होता. येथून पुढे तो ठरवू लागला.

जे जिवंत आहे, हलते आहे, असंख्य आहे, तेच जीवाचे मूळ असले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. स्त्रीचे अंडे वगैरे सगळे थोतांड. पुरुषाच्या वीर्यातला हा प्राणीच पुढे मूल होतो, आईचे गर्भाशय त्याला पोसण्यापुरते. १६८३ पासून हे मत तो ठामपणे मांडू लागला. ज्या मित्राने त्याला जगासमोर आणले त्याचा सिद्धांत पुरता खोटा पाडणे हेच त्याचे अनेक वर्षांचे काम होऊन बसले. आणि मित्र तर उत्तर द्यायला हयात नव्हता.

त्याचे युक्तिवाद मात्र पोकळ नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. ग्राफच्या आधी हार्वे या प्रसिद्ध इंग्रज वैद्याने राजाच्या हरिणी उघडून पाहिल्या होत्या. त्याला गर्भाशयात वीर्याचा मागमूसही मिळाला नव्हता. त्यामुळे वीर्य आत जातच नाही, असा समज पसरला होता. लेव्हेनहूकने संगानंतर कुत्री उघडली आणि गर्भाशयाच्या नळ्यांत जिवंत, वळवळणारे शुक्रजंतू दाखवले. हार्वेसारख्यांची चूक त्याने निर्विवाद दुरुस्त केली. दुसरे असे की ग्राफ ज्यांना अंडी म्हणत होता ते फुगे अंडाशयाला घट्ट चिकटलेले असतात आणि एवढे मोठे की अरुंद नळीतून ते गर्भाशयाकडे जाणे शक्य नाही. हाही मुद्दा बिनतोड होता. फुगा जात नाहीच. फुगा फुटतो आणि आतले बारीक बीज जाते.

तिसरा पुरावा सशांचा. हॉलंडमधले ससेवाले पांढऱ्या वगैरे रंगांच्या पाळीव माद्यांना रानातला करडा नर दाखवीत. पिल्ले सगळी करडी होत आणि बाजारात रानससे म्हणून खपत. आईच्या रंगाचा लवलेश नाही! मग सगळे बापाकडूनच येते याला आणखी पुरावा कशाला हवा? लेव्हेनहूकला हे निर्णायक वाटले. आज मेंडेलनंतर आपल्याला माहीत आहे की करडा रंग प्रभावी असतो आणि आईचा पांढरा रंग पिल्लांत दडून बसलेला असतो. नर पांढरा आणि मादी करडी अशी उलटी जोडी लावली असती तरी पिल्ले करडीच झाली असती. त्या करड्या पिल्लांची आपसात वीण होऊ दिली असती, तर नातवंडांत पांढरी पिल्ले पुन्हा दिसली असती. एवढे मोजणारा माणूस, पण त्याने ही एक पिढी मोजली नाही.

या गोष्टीवर मी बराच विचार केला. माणसाचे स्त्रीबीज सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. कुत्रीचे आणि सशाचेही साधारण त्याच मापाचे. दाताच्या किटणात लेव्हेनहूकने १६८३ साली जे जंतू पाहिले ते याच्या पन्नास-शंभराव्या भागाएवढे होते. त्याचे उरलेले सर्वांत चांगले यंत्र वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते. त्यातून स्त्रीबीज सुपारीएवढे दिसावे! कुत्री आणि ससे तो स्वतःच्या हाताने उघडत होता. यंत्र होते, हात होता, चिकाटी होती. तो फुगा फोडून आतले पाणी एकदा भिंगाखाली धरले असते तर सस्तन प्राण्याचे अंडे जगाला दीडशे वर्षे आधी मिळाले असते. पण तेथे काही नाही हे त्याचे आधीच ठरले होते, आणि नाही तेथे कोण शोधतो?

आपण त्याला हसण्याचेही कारण नाही. आपल्याकडे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याची चर्चा आहे, आणि निकाल बीजाच्या बाजूने दिलेला आहे. पुरुष पेरणारा, स्त्री ही जमीन. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याचेही मत वेगळ्या शब्दांत हेच होते. गंमत अशी की मुलगा कर्तबगार निघाला की बीजाचे कौतुक होते आणि मुलगी झाली की दोष क्षेत्राला लागतो. आमच्या आळीत एका घरी तिसरी मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीला महिनाभर कुणी धड बोलले नाही. तिच्या सासूबाई स्वतः चार मुलींच्या आई होत्या.

या बाबतीत लेव्हेनहूकचे एक वाक्य कुतूहलाचे आहे. शुक्रजंतूंत नर आणि मादी असे दोन प्रकार असावेत आणि आपल्याला त्यांत फरक दिसल्यासारखा वाटतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या भिंगातून असा फरक दिसणे शक्यच नव्हते. तो त्याच्या कल्पनेचा खेळ होता. पण १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून दाखवले की नराच्या शुक्रजंतूंत खरोखरच दोन प्रकार असतात आणि संततीचे लिंग त्यावरून ठरते. माणसातही तसेच आहे. म्हणजे मुलगा की मुलगी एवढ्या एका बाबतीत तरी कौल बापाच्या बीजाचा असतो. आमच्या आळीपर्यंत ही बातमी पोहोचायला बराच वेळ लागला.

प्रामाणिकपणा मात्र लेव्हेनहूकने सोडला नाही. १६९४ साली हार्टसूकर या त्याच्याच देशातल्या शास्त्रज्ञाने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस असावा, असे एक चित्र छापले. पाठ्यपुस्तकांतून ते चित्र पुष्कळदा दिसते. कुणाला तो लेव्हेनहूकचाच उद्योग वाटतो, पण तसे नाही. १६९९ मध्ये आणखी एकाने असा माणूस प्रत्यक्ष पाहिल्याचे खोटेच छापले तेव्हा लेव्हेनहूकने ते खोडून काढले. आपण हजारो वेळा पाहिले, असे काही दिसले नाही, हे त्याचे म्हणणे. स्वतःच्या मताला पोषक असलेला खोटा पुरावा त्याने नाकारला. अशीच गोष्ट माव्याची. हरभऱ्यावर, वालावर पडणारा मावा आपल्या शेतकऱ्याला चांगलाच परिचित आहे. लेव्हेनहूकने १६९५ च्या सुमारास मावा फोडून पाहिला तर प्रत्येकाच्या पोटात तयार पिल्ले, आणि नर शोधून सापडेना. नराशिवाय पिल्ले! सगळे काही नराच्या बीजात आहे असे म्हणणाऱ्याला याहून अडचणीचे काय असणार? तरी त्याने जे पाहिले ते जसेच्या तसे लिहून पाठवले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८२७ साली कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याने एका सहकाऱ्याच्या कुत्रीच्या अंडाशयातल्या फुग्यात पिवळसर ठिपका पाहिला, तो फोडून भिंगाखाली घेतला, आणि सस्तन प्राण्याचे खरे अंडे प्रथम दिसले. नवल असे की या बेअरला शुक्रजंतू हे वीर्यात राहणारे बांडगूळ वाटत होते. त्यांना आज सर्वत्र रूढ असलेले स्पर्मॅटोझोआ हे प्राणिवाचक नाव त्यानेच दिले. ज्याला शुक्रजंतू सापडले त्याने अंडे मानले नाही, आणि ज्याला अंडे सापडले त्याने शुक्रजंतू मानला नाही! आपल्या मराठीतही शुक्रजंतू हाच शब्द रुळला, आणि त्यातला जंतू अजून तसाच आहे. वास्तविक तो प्राणी नव्हे, शरीरातली एक पेशी आहे. १८७५ मध्ये ऑस्कर हर्टविग याने भूमध्य समुद्रातल्या काटेरी अर्चिनच्या पारदर्शक अंड्यांत दोन केंद्रके जवळ येऊन एकरूप होताना पाहिली, एक अंड्याचे आणि एक शुक्रजंतूचे. पुढे कळले की प्रत्येक बीजपेशीत गुणसूत्रांची संख्या निम्मी असते. माणसात तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून. अंड्यातील पोषक द्रव्य मात्र सगळे आईचे. आपल्या म्हाताऱ्या खाण तशी माती म्हणतात आणि बाप तसा बेटाही म्हणतात. दोन्ही म्हणी निम्म्या निम्म्या खऱ्या.

लेव्हेनहूक यांतले काहीच पाहायला नव्हता. त्याची कीर्ती मात्र त्याच्या हयातीतच चांगली पसरली. १६८० साली रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. १६९८ मध्ये रशियाचा सम्राट पीटर डेल्फ्टच्या कालव्यातून नावेने आला आणि लेव्हेनहूकला नावेवर बोलावून घेतले. वामासारख्या माशाच्या शेपटीतले रक्त बारीक वाहिन्यांतून वाहताना त्याने सम्राटाला दाखवले. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांचा त्याला पुढे कंटाळा येऊ लागला. दुसरी पत्नी १६९४ साली वारली. मरियाने लग्न केले नाही. म्हाताऱ्या बापाचे घर तीच सांभाळी.

नव्वदी उलटली तरी पत्रे चालूच होती. शेवटच्या आजारात छातीखालचा पडदा विचित्र रीतीने उडू लागला तेव्हा त्याने आपल्याच दुखण्याचे निरीक्षण करून लंडनला कळवले. त्या दुर्मिळ विकाराला अजून त्याचे नाव आहे. अखेरची पत्रे एका मित्राने त्याच्यासाठी लॅटिनमध्ये उतरवली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, एक्क्याण्णव वर्षे पुरी व्हायला दोन महिने असताना, तो वारला. मरियाने ठरल्याप्रमाणे चांदीची सव्वीस यंत्रे असलेली पेटी रॉयल सोसायटीकडे पाठवून दिली. एकोणिसाव्या शतकात ती तेथून गहाळ झाली. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये तिने बापाचे स्मारक उभारले. त्याच चर्चमध्ये व्हर्मेरही पुरलेला आहे. बाकीची शेकडो यंत्रे तिने शेवटपर्यंत घरात जपून ठेवली. १७४५ साली ती गेली आणि दोन वर्षांनी त्या यंत्रांचा लिलाव झाला. आज त्यांतली जेमतेम दहा-बारा शिल्लक आहेत.